मधून लांबवलेली ‘लेनोरा’

“लांबवायचं तर मधून लांबवा. टोकाला जोडलं की ते शेपूट.”

ओबेड काकांच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. होड्या बांधणारा माणूस, तेव्हा पहिल्यांदा ते होडीबद्दलच बोलले असणार. पण मला समज आली तोवर ते वाक्य होडीतून उतरून आमच्या गॅनेट आर्म गावभर हिंडू लागलं होतं. रविवारी चर्चमध्ये पाद्री प्रार्थना संपवता संपवता पुन्हा सुरू करायचा, तेव्हा मागच्या बाकावरून पुटपुट ऐकू यायची, “शेपूट.” पाहुणे आले म्हणून ट्रायफीना काकूनं वाटाण्याच्या सूपमध्ये शेवटी आधणाचं पाणी ओतलं, की काका चमचा खाली ठेवायचे.

“शेपूट घातलंस. शिजत असतानाच दोन बटाटे जास्त टाकले असतेस तर सूप लांबलं असतं.”

“पाहुणे शिजत असताना कळवून आले असते तर टाकले असते,” काकू म्हणायची. “आणि तुझी ही जीभ कुणी लांबवली रे म्हाताऱ्या? मधून की टोकाला?”

काका हसायचे आणि दुसऱ्यांदा वाडगा पुढे करायचे.

धक्क्यापासून त्यांच्या घरापर्यंत चढाची वाट आहे. त्या चढाच्या बरोबर मध्यावर एक चपटा खडक आहे. दमले असोत नसोत, काका त्यावर बसायचे. खाली न्यूफाउंडलंडचं ते थंडगार पाणी, खडकांच्या कुशीत शिरलेलं, आणि पाण्याकडे तोंड करून बसलेली आमची तीसेक घरं. एकदा मी विचारलं, “काका, दम लागला का?”

“नाही रे सेल्बी. वाट लांबवतोय. घरी पोचून दारात उभं राहिलं की ती म्हणते आत ये नाहीतर बाहेर जा. इथं कुणी काही म्हणत नाही.”

‘लांबवणं’ हा शब्द कुणी कसाही वापरलेला त्यांना खपत नसे. फेब्रुवारी सरता सरता मी एकदा म्हणालो, “दिवस लांबायला लागला.” लगेच हातातला रंधा थांबला.

“दिवस लांबत नाही, वाढतो. वाढणारं आपलं आपण वाढतं. दिवस वाढतो, पोरं वाढतात, नखं वाढतात, बायकोचा राग वाढतो. त्याला कुणी लागत नाही. लांबवायला दुसऱ्याचा हात लागतो.”

“आणि ताणणं?”

“ताणलेलं हात सोडला की आखडतं. लांबवलेलं लांब राहतं.” मग रंध्यातून निघालेली लाकडाची सुरळी बोटाला गुंडाळत म्हणाले, “शब्द नीट धरावा. पटाशी उलटी धरली तर बोट जातं.”

शाळेत मी फार गेलो नाही. भाषेचं जे काही मला येतं, ते त्या शेडमध्ये, लाकडाच्या भुशात उभं राहून शिकलेलं आहे. त्याची मला लाज नाही, उलट मिरवावंसं वाटतं.

ओबेड काकांनी आपलं घरसुद्धा लांबवलं होतं. पहिली दोन पोरं झाली तेव्हा घर पुरत होतं. मग तिसरा, चौथा असं करत सहा मुलगे झाले. दुसरा कुणी असता तर मागं एखादी पडवी काढून मोकळा झाला असता. काकांनी घर मधोमध कापलं, अर्धा भाग माणसं लावून सरकवला आणि मध्ये नवं स्वयंपाकघर बसवलं. त्या मधल्या भागाखाली त्यांनी ज्युनिपरच्या चिवट लाकडाचा एक लांबलचक, एकसंध वासा घातला, होडीच्या तळाला कणा घालतात तसा. गाव हसलं होतं म्हणे. “ओबेड, घर पाण्यात कधी उतरवतोस?” पण त्या स्वयंपाकघरात सहा पोरं वाढली. भिंतीला एका ओळीत सहा लोखंडी आकडे होते आणि त्यांवर ओल्या टोप्या नि ओले कोट वाफा सोडत लटकायचे. टेबल इतकं लांब, की काकवीचा पाव एका टोकाकडून निघाला तर दुसऱ्या टोकाला नुसता कडेचा तुकडा पोचायचा.

पुढे सरकारनं कॉड माशाची मासेमारी बंद केली. आम्ही सगळे किनाऱ्यावर उभे राहिलो, हात रिकामे. काकांचे सहाही मुलगे एकामागून एक दूर पश्चिमेला अल्बर्टात गेले, तेलाच्या कामावर. लांब स्वयंपाकघर राहिलं आणि त्यात दोन माणसं. काकू म्हणायची, “इथं चहा ओतते, त्या टोकाला म्हाताऱ्यापर्यंत नेईस्तोवर गार होतो.” पण टेबल आखूड करू का विचारलं की खेकसायची. नाताळला पोरं येतील तेव्हा बसणार कुठं?

आता माझ्या मुलीचं सांगतो.

तिचं नाव लेनोरा, आम्ही नोरी म्हणतो. ती जन्मली त्या हिवाळ्यात ओबेड काकांनी आणि मी मिळून माझी होडी बांधली आणि तिचंच नाव होडीला दिलं. माझा खांदा निकामी झाल्यावर नोरीनं सुकाणू हातात घेतलं. आईवेगळी पोर, माझ्याबरोबर होडीतच मोठी झाली. तिला ते काम माझ्यापेक्षा बरं जमायचं. कॉड गेल्यावर खेकडा उरला होता, पण चांगला खेकडा दूरच्या पाण्यात, आणि ‘लेनोरा’ त्या लाटांना आखूड पडायची. पिंजरे रचले की होडीच्या कडा पाण्याला टेकायच्या. तेवढ्या होडीला तिकडे जायला परवानगीही नव्हती.

हिवाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी नोरी म्हणाली, “बाबा, बर्फ फुटल्यावर खेकड्याचा हंगाम सुरू होईल. तोवर होडी लांब झाली तर मी इथं. नाही झाली तर मी तिकडे. काकांच्या थोरल्यानं कळवलंय, काम आहे म्हणून.”

बॅग तिनं पलंगाखाली ठेवली होती. भरलेली. मी ती पाहिली होती आणि तिला ठाऊक होतं की मी पाहिली आहे.

ओबेड काकांनी तेव्हा काम सोडलं होतं. हातांची बोटं सकाळी उघडायलाच तयार नसायची. मी त्यांच्याकडे गेलो, विषय काढला. ते ऐकत राहिले, मग काकूला म्हणाले, “माझी करवत कुठं ठेवलीस?”

“तू म्हणालास आता लागणार नाही, म्हणून वाळत घालायच्या दोरीच्या खुंटीला बांधून ठेवली. कालच तिच्यावर तुझे पायमोजे वाळवले.”

“पायमोजे काढ.”

बस, एवढंच बोलणं झालं.

हिवाळाभर काम चाललं. ज्युनिपरचं एक झाड नोरी आणि नाबोथनं बर्फातून ओढून आणलं. नाबोथ म्हणजे माझा जुना जोडीदार, होडीवर माझ्याबरोबर आयुष्य काढलेला, आता नोरीबरोबर जाणारा. त्या झाडातून काकांनी कण्याचा नवा तुकडा घडवला, ठरवल्या मापाचा. मग होडीच्या मधल्या फळ्या सोडवायला घेतल्या. नोरीला वाटलं होतं, करवत घ्यायची आणि सरळ आडवी चालवायची. काका एक फळी इथं सोडवत, दुसरी हातभर पुढे, तिसरी त्याहून मागे.

“काका, एका रेषेत का नाही? पटकन होईल.”

“पटकन होईल आणि पटकन मोडेल. सगळे सांधे एका रेषेत आले की तडा जायला सोपा रस्ता मिळतो.” त्यांनी पटाशी खाली ठेवली. “या गावात आता बघ. मी, तुझा बाप, गारलँड, नाबोथ. सगळे म्हातारपणाच्याच आगेमागे. सगळे सांधे एका रेषेत.”

नोरी हातोडी उचलून पुढच्या फळीकडे गेली. पण त्या दिवशी ती घरी येताना बराच वेळ त्या चपट्या खडकावर बसली होती, हे मी खिडकीतून पाहिलं.

मार्चमध्ये होडीचे दोन भाग झाले. मागच्या भागात इंजिन होतं, कापलेला असताना ओढला तर तो मोडला असता, म्हणून तो जागेवर टेकू लावून पक्का केला आणि नाळेकडचा, म्हणजे पुढचा भाग जमिनीच्या बाजूला ओढायचा ठरला, खाली ओंडके घालून, घट्ट बर्फावरून. सगळं गाव आलं. गावात आता सगळं गाव म्हणजे काही फार नाही, पण दोर भरला.

आमच्याकडे जड वस्तू गाण्यावर ओढतात. एकानं सूर लावायचा, ओळ संपली की सगळ्यांनी एकदम हिसका द्यायचा. घरं ओढली आहेत आम्ही अशी, काकांचं ते अर्धं घरही असंच ओढलेलं. गाणं चालू असताना दोर सोडणारा माणूस आमच्यात जन्मला नाही. आणि दुसरी गोष्ट, गाण्यावर पुढे आलेली वस्तू कधी मागे ढकलायची नाही. घर असेल तर त्या घरातलं माणूस जातं म्हणतात. होडी असेल तर ती परत येत नाही.

गाणं म्हणायला गारलँड काका. असा गळा अख्ख्या किनाऱ्यावर नाही. एक कान इंजिनाच्या आवाजानं गेलेला आणि गाताना डोळे मिटायची सवय. ओबेड काकांनी बर्फावर एक काठी रोवली. “नाळ इथं आली की मी टोपी वर करीन. गारलँड, टोपी दिसली की गप्प व्हायचं.”

“दिसली की गप्प,” गारलँड काका म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी सूर लावला.

काय सांगू ते गाणं. बर्फावर ऊन पडलेलं, दोर ताठ, माणसांच्या तोंडून वाफा. कितीतरी वर्षांत गावानं मिळून काही ओढलं नव्हतं. कॉड गेल्यापासून आमचे खांदे कुणाच्या खांद्याला लागले नव्हते. नाळेचा भाग हलला, कुरकुरला आणि मग गाण्यावर निघाला, वयस्कर बाई लग्नात नाचायला उठावी तसा. काठीपाशी आला. काकांनी टोपी वर केली. गारलँड काकांनी पुढचं कडवं सुरू केलं.

काका टोपी हलवतायत. नोरी ओरडतेय. ट्रायफीना काकूनं हातातलं बर्फ फेकून मारलं, ते नाबोथच्या मानेवर बसलं. आणि आम्ही? आम्ही ओढतोय. टोपी आम्हाला दिसत होती. पण गाणं चालू होतं ना.

कडवं संपलं तेव्हा गारलँड काकांनी समाधानानं डोळे उघडले. काठी होडीच्या खाली मोडून पडली होती. ओबेड काका दोन भागांच्या मधे जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पसरले. एकाही बाजूला बोट टेकेना.

“गारलँड,” ते म्हणाले, “लांबवायला सांगितलं होतं रे. ताटातूट करायला नाही.”

“एकच कडवं राहिलं होतं, ओबेड.”

“शेपूट!” काकू म्हणाली.

हसू फुटलं, पण लवकर विरलं. कारण शेडमध्ये कण्याचा तुकडा तयार होता, जुन्या मापाचा. तो आणून धरला. दोन हात कमी पडला. कण्याचं लाकूड एकसंधच लागतं आणि तसं दुसरं झाड जवळपास उरलं नव्हतं. बाहेरून मागवावं तर बर्फ फुटल्याशिवाय जहाज येत नाही. तोवर हंगाम लागलेला.

नोरी म्हणाली, “मग मागे ढकला ना! उताराला आहे. दहा माणसांचं काम.”

कुणी हललं नाही. नाबोथनं मान पुसली.

“नोरी, तुझ्या बापाबरोबर गेलो, तुझ्याबरोबरही येईन. मरेपर्यंत येईन. पण मागे ढकललेल्या होडीत माझा पाय पडायचा नाही.”

“मी नाही मानत असलं काही.”

“तू नको मानूस. मी कुठं जबरदस्ती करतोय? मी फक्त घरी बसेन.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “बाबा, तुम्ही तरी सांगा यांना.”

मी काय सांगणार? मीसुद्धा चढलो नसतो.

ओबेड काका हळूच म्हणाले, “पोरी, होडी मागे जाईल. पण मग तिच्यात बसेल कोण? चल, चहा घेऊ. सेल्बी, तूही ये.”

आम्ही तिघं चढ चढलो. त्या दिवशी काका खडकावर बसले नाहीत, तेव्हाच मला समजायला हवं होतं की त्यांच्या डोक्यात काही चाललंय. स्वयंपाकघरात काकूनं किटली ठेवली. नोरी भिंतीला टेकून, बूट न काढता. काका मात्र खोलीच्या मध्यभागी उभे राहून टाच आपटत होते. एकदा इथं, एकदा तिथं.

“म्हाताऱ्या, लाकडी जमिनीवर काय नाचतोयस?”

“ऐकतोय.”

“काय ऐकतोयस?”

“खालचा वासा. अजून खणखणीत वाजतोय.”

काकूचा हात किटलीवरच राहिला. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, मग जमिनीकडे. इतक्या वर्षांच्या बायकोला पुढचं सांगावं लागत नाही.

“हे माझं स्वयंपाकघर आहे, ओबेड.”

“आहे.”

“नाताळला पोरं आली म्हणजे?”

किटलीचं पाणी कुरकुरायला लागलं.

नोरी म्हणाली, “काकू, नको. खरंच नको. मी जाते ना अल्बर्टाला. तुमच्या पोरांना भेटेन, तुमचा निरोप देईन.”

“निरोप द्यायला आणखी एकीची गरज नाही तिकडे,” काकू फटकन म्हणाली. “तिकडे आपल्या गावची माणसं इथल्याहून जास्त झालीत. तिकडून इकडे निरोप आणणारं कुणी असेल तर सांग.”

मग ती भिंतीकडे गेली. त्या सहा आकड्यांपैकी पहिल्यावर काकांचा कोट होता, बाकीचे मोकळे. तिनं कोट काढून काकांच्या अंगावर फेकला आणि खिळे उपटायच्या पकडीसाठी हात पुढे केला.

“दे इकडे. तू उपटशील तर भिंत फोडशील.”

“काकू...” मी म्हणालो.

“सेल्बी, तू मधे बोलू नको. पोरं आली तर लहान घरात जवळजवळ बसतील. लांब टेबलावर मला त्यांचं बोलणं कधी ऐकूच आलं नाही. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला धाकटा. काय मागायचा ते पाचजणांच्या तोंडून माझ्यापर्यंत यायचं.” पहिला आकडा निघाला. ती तो हातात घेऊन क्षणभर थांबली. “मीठ मागितलं की लोणी पोचायचं.”

मी ‘आभारी आहे’ म्हणायला तोंड उघडलं. काकांनी मला हातानं थांबवलं.

“आभार आत्ता नको. आणि शेवटीही नको. शेवटी मानलेले आभार म्हणजे शेपूट. काम चालू असताना मधेच कधी आठवण आली तर मान.”

म्हणून मी इथं, गोष्टीच्या मधेच आभार मानतो. ट्रायफीना काकू, तुझे. तू तुझ्या स्वयंपाकघराचा मधला भाग दिलास आणि वर आम्हाला त्या दिवशी काकवीत बुडवलेल्या तळलेल्या पोळ्याही दिल्यास. गारलँड काका, तुमचेही, त्या जादा कडव्याबद्दल. नाबोथ, तुझ्या हट्टाबद्दल. आणि ओबेड काका, तुमच्याबद्दल काय म्हणू? माझी होडी, माझी भाषा, माझी पोर. तुमचा हात लागला नसता तर यातलं एकही एवढं लांब आलं नसतं.

घर कापायला गाव पुन्हा जमलं. या वेळी मधला भाग काढून घराची दोन टोकं परत जवळ आणायची होती. तेव्हा सरकवलेलं टोक मागे न्यायचं नव्हतं, जागेवरचं जुनं टोक पुढे ओढून त्याला भिडवायचं होतं. गारलँड काकांनी डोळे उघडे ठेवून गाणं म्हटलं आणि काकू त्यांच्या समोर, नाकाला नाक लावून, लाटणं घेऊन उभी राहिली. वासा जमिनीखालून निघाला तेव्हा बाहेरून काळा आणि आतून मधासारखा. काकांनी त्यावर वाकस चालवली. पहिला छिलका उडाला, त्याचा वास सुटला आणि काका म्हणाले, “बघ, आतून अजून तसाच.” त्यांची बोटं त्या सकाळी न कुरकुरता उघडली होती म्हणे. काकूनं सांगितलं.

कणा बसला. फासळ्या बसल्या. आमच्यासाठी आधी घडवलेला कण्याचा आखूड तुकडाही वाया गेला नाही, घराच्या नव्या उंबऱ्याला लागला. स्वयंपाकघराच्या फळ्या होडीच्या आतल्या तळाला आल्या. त्यांतल्या एकीवर काकूच्या चुलीनं पोळलेला गोल डाग होता. नोरी ती फळी तासायला निघाली तर काका म्हणाले, “राहू दे. पाय गरम राहतील.” आकडे सुकाणूच्या खोलीत एका ओळीत ठोकले, ओले कोट लटकवायला. शेवटचा आकडा काकूनं स्वतः ठोकला आणि ठोकल्यावर ओढून पाहिला, दोनदा.

रंग देताना नोरीनं विचारलं, “काका, आता केवढी वेगळी झाली. नाव बदलायचं का?”

“नाळ कुठली?”

“जुनीच.”

“मागची बाजू?”

“तीही जुनीच.”

“मग? मधून लांबवली ती याच्यासाठी तर. समोरून येणाऱ्यानं ओळखावी आणि जाताना मागून पाहणाऱ्यानंही ओळखावी. मधे काय झालं ते आपलं आपल्यापाशी.”

बर्फ फुटलं. मोठमोठे तुकडे खाडीतून बाहेर सरकले, घासत, कण्हत, आणि एका सकाळी पाणी मोकळं दिसलं. ‘लेनोरा’चं तोंड पाण्याकडे वळवून आम्ही ती गाण्यावरच पाण्यात उतरवली. ती सपाट बसली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. नाबोथ सगळ्यांत आधी चढला, मधल्या भागात जाऊन दोन उड्या मारल्या, म्हणाला, “घरात आल्यासारखं वाटतंय.”

“घरातच आहेस,” काकू किनाऱ्यावरून ओरडली. “बूट पुस!”

त्याच रात्री नोरीनं पलंगाखालची बॅग काढली आणि कपडे कपाटात लावले. मी भिंतीपलीकडून कपाटाच्या खणांचा आवाज ऐकत पडलो होतो. पूर्वी तिच्या आईच्या हातून त्या खणांचा असाच आवाज यायचा.

हंगामाच्या पहिल्या सकाळी ती निघाली. पिंजरे रचलेले, कडा पाण्यापासून चांगल्या वर. जवळजवळ सगळं गाव धक्क्यावर. तिनं ओबेड काकांना हाक मारली, “काका, बंदराच्या तोंडापर्यंत तरी या. गारलँड काकांची होडी तुम्हाला परत आणेल.”

“मी आलो तर वाटभर सांधे तपासत बसेन. तू समोर बघ.”

“लवकर येते!”

“लवकर नको. होडीचं पोट भरून ये.”

इंजिन लागलं. नोरीनं हात हलवला आणि मग आमच्याकडे पाठ केली, समोर बघायला. ‘लेनोरा’ खाडीतून सरकत गेली आणि पहिली खरी लाट आली तेव्हा नाळ वर उचलली गेली, मधला भाग तिच्यामागून शांतपणे चढला आणि मग मागची बाजू. मोडली नाही, अडखळली नाही. धक्क्यावरच्या कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. गारलँड काका गुणगुणायला लागले होते, डोळे मिटून.

मी ओबेड काकांना काही सांगायला वळलो तर ते तिथं नव्हते. चढाला लागले होते. कोट खांद्यावर, हात पाठीमागे बांधलेले. चपट्या खडकापाशी आले आणि बसले. बंदराच्या तोंडाशी होडी बोटाएवढी दिसत होती. ते तिकडे पाहत होते की आणखी कुठं, ते खालून कळत नव्हतं. मग उठले, गुडघ्यावर हात टेकून, आणि वरच्या वाटेनं आपल्या आखूड झालेल्या घराकडे चालू लागले, न थांबता, मागे न बघता.

होडीकडे बघणारे पुष्कळ होते. काकांकडे बघणारे आम्ही दोघंच. धक्क्यावर मी, आणि वर नव्या उंबऱ्यावर, हातात किटली घेऊन, ट्रायफीना काकू.